दगड कुणावर भिरकावायचा?

डहाणूच्या मसोलीत राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने १० मिनिटांचा लघुपट करायचा ठरवला, की त्याला सुरुवात बहुधा तयारच सुचते. ड्रोनमधून दिसणारा किनारा, मग चिकूच्या वाड्या, मागे तारप्याचा सूर, शेवटी वारली चित्रावर नाव. गाव कुठलं ते कळतं, गोष्ट कुणाची ते कळत नाही, आणि दहातलं एक मिनिट खर्ची पडलेलं असतं. एवढ्या छोट्या पटात सुरुवातीचं एकच काम मला दिसतं: शेवटी जे लागणार आहे, ते प्रेक्षकाच्या हाती आधीच गुपचूप देऊन ठेवायचं. म्हणून कागदावर शेवट आधी लिहावा, सुरुवात त्यानंतर.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच्या सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवताना दिसतो, राणी जवळच असते. पुढे राज्य जाणार, बायको-मुलाची ताटातूट होणार. जे हरवायचं तेच फाळक्यांनी आधी डोळ्यांत भरवलं. शंभर वर्षांनी, 'फँड्री'त (२०१३), नागराज मंजुळे जब्या या मुलाला गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे धावायला लावतात. पोरखेळच वाटतो तो. पण त्याच्या हातात दगड आहे आणि तो नेम धरतो, एवढं आपण नकळत नोंदवून ठेवतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. पहिला प्रसंग काढून टाकला तर हा दगड नुसता राग उरेल. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे आधी मुलांची शिकवणी घेताना दिसतात, नंतर मंचावर आणि मग पोलिसांच्या ताब्यात. कायदा त्यांना आरोपी म्हणण्याआधी आपण त्यांना मास्तर म्हणून पाहिलेलं असतं, त्यामुळे खटल्यातलं प्रत्येक वाक्य आपल्याला वेगळं ऐकू येतं.

यावर कुणी म्हणेल, हे मोठे चित्रपट. विद्यार्थ्याला स्पर्धेच्या परीक्षकांना पहिल्या दहा सेकंदांत धरून ठेवायचं असतं. धरावंच. पण माणूस आवाजापेक्षा प्रश्नाने जास्त धरला जातो. समजा, गोष्ट चिकूच्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या मुलीची आहे आणि शेवटी ती परीक्षेला जाते. मग पहिल्या चौकटीत फक्त तिचे हात: लांब काठीच्या टोकाच्या जाळीत फळ अडकवणारे, चिकाने चिकट झालेले. कॅमेरा हलवू नका, चेहरा दाखवू नका. शेवटी त्याच बोटांत पेन आलं आणि उत्तरपत्रिकेला डाग पडला, तर संवादाची गरज उरत नाही. हात जवळून घ्यायचे हे तंत्र इथे शेवटाने ठरवलं. हीच गोष्ट तिच्या बापाची असती, तर तिला जाताना लांबून पाहणारी स्थिर चौकट योग्य ठरली असती. निवेदनाचंही तसंच. चित्रात जे दिसतंय तेच सांगणारा आवाज फुकट. चित्राला माहीत नसलेलं काही त्या आवाजाला माहीत असेल, तरच तो ठेवावा.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: मग इथला समुद्र, इथली चित्रकला दाखवायचीच नाही का? दाखवावी, पण शोभेला नको. वारल्यांच्या लग्नचौकात पालघट देवी चौकटीच्या आत असते. झाडं, माणसं, जनावरं बाहेर. ते चित्र लग्नासाठी काढलेलं असतं, भिंत सजवायला नव्हे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि जगापुढे नेलं, तरी त्यांच्या चित्रांतली माणसं सतत काही ना काही करत असतात: मासे धरतात, शेतात राबतात, नाचतात. ड्रोनच्या किनाऱ्यावर मात्र कुणीच काही करत नसतं. तिथे ओहोटीच्या चिखलात जाळं ओढणारी एक बाई दिसली, आणि शेवटी ते जाळं रिकामं निघणार असेल, तर तो किनारा खुशाल पहिल्या मिनिटात ठेवा.