सोने दिसण्याची वेळ

दिवेलागण झाल्यावर केर काढू नये, लक्ष्मी जाते, हे वाक्य कानावर न पडलेला मराठी माणूस विरळाच. आमच्या घरात या वाक्यावरून एका माणसाचा निवाडा झाला होता. साल १९७८ च्या आसपासचे, मी आठ-नऊ वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही मुलांनी लाह्या-बत्तासे माजघरभर सांडले, आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या काकूने ते केरसुणीने गोळा केले. तासाभराने आत्याच्या लक्षात आले की फिरकी सैल होऊन तिच्या नाकातली सोन्याची चमकी कुठेतरी पडली आहे. कंदील घेऊन रात्री बारापर्यंत घर धुंडाळले. केर चाळणीने चाळला. चमकी नाही. आजी एवढेच म्हणाली, ‘‘तिन्हीसांजेला लक्ष्मी लोटली, आता काय मिळणार?’’

भाऊबीजेच्या सकाळी चमकी सापडली. उंबऱ्याशेजारी सारवणाचा एक पोपडा उचलला होता, त्याच्या कडेला ती अडकून बसली होती. सापडली तीही काकूलाच. पण तोवर ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द घरात येऊन बसला होता, आणि चमकी परत मिळाली म्हणून तो गेला नाही. पुढची कित्येक वर्षे, विहिरीचे पाणी आटले किंवा म्हैस दगावली की कुणीतरी तो हळूच उच्चारत असे.

सोने सापडण्याला खरेच वेळ असते का, आणि त्यात नशिबाचा वाटा किती, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. मी या विषयातला पदवीधर नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत जे वाचले आणि कोल्हापूरच्या गुजरीत पायरीवर बसून जे पाहिले, त्याच्या आधारे हा हिशेब मांडतो आहे.

मुंग्यांच्या सोन्याची दुपार

भारतातल्या सोन्याविषयीच्या अगदी जुन्या परकीय नोंदींतच दिवसाच्या वेळेचा उल्लेख येतो, ही गंमत आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले की, भारताच्या उत्तरेकडे कोल्ह्यापेक्षा मोठ्या आणि कुत्र्यापेक्षा लहान अशा मुंग्या असतात. त्या बिळे खणताना सोनेमिश्रित वाळू वर टाकतात. ती लुटायला लोक उंटांवरून जातात, ते नेमके कडक उन्हाच्या वेळी, कारण उकाड्याने मुंग्या तेव्हा जमिनीखाली असतात. आपल्या महाभारताच्या सभापर्वातही युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला उत्तरेकडच्या खस वगैरे लोकांनी आणलेल्या ‘पिपीलिक’ सोन्याचा उल्लेख आहे, म्हणजे मुंग्यांनी वर काढलेले सोने. फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनी १९८४ साली असे मांडले की या मुंग्या म्हणजे हिमालयात बिळे खणणारे मार्मोट नावाचे प्राणी असावेत.

कथेतले खरे किती हा वाद बाजूला ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या लोकांची वेळ शुभ म्हणून ठरलेली नव्हती, त्यामागे कारण होते. राखणदार जागेवर नसतो ती वेळ. सोने वेचणाऱ्यांच्या वेळा तपासताना मी हीच फूटपट्टी वापरली: या वेळेमागे कारण आहे का, आणि ते कारण पाण्यात आहे, उजेडात आहे की डोळ्यांत?

पाण्याची वेळ

नदीच्या वाळूतून सोने धुऊन काढणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. झारखंडातल्या सुवर्णरेखेच्या काठी हे काम चालते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात ‘सोनझारा’ या छोट्या समाजाची नोंद आहे, आणि त्यांच्या वस्तीच्या जिल्ह्यांत चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या बाजूचे, नावही आहे.

कामाचे तत्त्व सोपे आहे. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, साधी वाळू सुमारे २.६५ पट आणि वाळूतले काळे लोहकण सुमारे ५.२ पट. परात पाण्यात गोल हलवली की हलके वाहून जाते, जड तळाशी राहते. आधी वाळू जाते, मग काळी रेव उरते, आणि तिच्या कडेला असलेच तर पिवळे कण.

इथे पहिली खरी ‘वेळ’ आहे ती ऋतूची. पुराचे पाणी काठ खरवडते, जड कण वळणाच्या आतल्या बाजूला आणि खडकांच्या फटींत टाकते, आणि पाणी ओसरले की तिथे नवा साठा मिळतो. म्हणून पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. दिवसातली वेळ बर्फाच्या नद्यांवर ठळक दिसते. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात, जिथे पूर्वापार सोने धुतले जाते, तिथल्या हिमनद्यांच्या ओढ्यांना उन्हाळ्यात दुपारनंतर पाणी चढते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते. वाळूचा पट्टा पहाटे उघडा पडतो. तिथे सकाळी लवकर जाणारा ‘नशीबवान’ ठरला तर त्यात नवल नाही.

उलट दुपारच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा पातळ असते. १० अंश तापमानाच्या पाण्यापेक्षा ३० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरतो, त्यामुळे पिठासारखे बारीक कण त्यात लवकर तळाला बसतात. पण आपल्या मैदानी नद्यांत सकाळ-दुपारचा फरक काही अंशांचाच असतो, तेव्हा या कारणाचे वजनही तेवढेच धरावे.

उजेडाची वेळ

सराफकट्ट्यातली धूळ, गटाराचा गाळ आणि भट्टीची राख धुऊन त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी महाराष्ट्राला परिचित आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात असेच काम करणाऱ्यांना घमेलेवाले म्हणतात. गुजरीत मला भेटलेले एक वयस्क झारेकरी मामा धुतलेली परात घेऊन नेहमी भिंतीच्या सावलीला बसत. मी विचारले, ‘‘मामा, उन्हात जास्त चमकणार नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘उन्हात सगळंच चमकतंय. सावलीत चमकंल ते सोनं.’’

हे वाक्य पुस्तकांतल्या माहितीशी तंतोतंत जुळते. अभ्रकाचे पापुद्रे आणि सोनमाखी नावाचे लोह-गंधकाचे खनिज उन्हात सोन्यासारखे झळकतात, पण त्यांची झळाळी प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. परात फिरवली किंवा सावलीत धरली की ती विझते. सोन्याचा पिवळेपणा सावलीतही तसाच राहतो. भर दुपारी ज्याला जागोजाग सोने दिसते त्याचे डोळे खोट्या चमकांनी थकतात, आणि खरा कण समोर आला तेव्हा तो कंटाळलेला असतो.

सकाळचे तिरपे ऊन मात्र वेगळ्या कामाचे. डोक्यावरच्या सूर्यात जमीन सपाट दिसते. तिरप्या किरणांत प्रत्येक खड्याला लांब सावली पडते, आणि सपाटीवर वर आलेली वस्तू उठून दिसते. आमची चमकी भाऊबीजेला सकाळीच दिसली, कारण दार पूर्वेचे होते आणि ऊन जमिनीला घासत आत आले होते.

तिन्हीसांजेचे काय? चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ साली नोंदवले की उजेड कमी होत जातो तसे तांबडे आणि पिवळे रंग आधी काळवंडतात, निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. अंधुक प्रकाशात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम थांबवतात आणि उरतात त्या फक्त करडे पाहणाऱ्या. म्हणजे संध्याकाळी सोने आपले सोनेपण गमावते आणि काडीकचऱ्यासारखे दिसू लागते. तेलाच्या दिव्याच्या काळात ‘दिवेलागणीनंतर केर काढू नये’ हा नियम शहाणपणाचाच होता. ज्या केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणून पुजतो, तिच्याकडूनच अंधारात लक्ष्मी बाहेर लोटली जाण्याची शक्यता असते. नियमात खोट नव्हती. मोडणाऱ्याच्या पायात खोट शोधली गेली, तिथे चुकले.

नजरेची वेळ

पाणी आणि उजेड जुळले तरी पाहणारा माणूस सारखा नसतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास डोळे लावून बसणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी तपासले. १९४८ साली त्यांनी दाखवले की पहिल्या अर्ध्या तासानंतरच लक्ष लक्षणीय प्रमाणात घसरते. दोन तास सलग बसणाऱ्याला आपण पाहतच आहोत असे वाटते, पण तो पाहत नसतो.

दुसरा प्रयोग अधिक बोचरा आहे. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारख्या गर्दीच्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायला लावली. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा लोकांच्या नजरेतून ती सुमारे ७ टक्के वेळा सुटली. शंभरात एकाच चित्रात वस्तू ठेवली तेव्हा ती सुमारे ३० टक्के वेळा सुटली. डोळे तेच, वस्तू तीच. पण जे क्वचित भेटते त्याचा शोध मन लवकर सोडून देते. सोने तर क्वचितच भेटणारे. म्हणून ‘आज काही मिळणार नाही’ असे म्हणून बसणाऱ्याला खरोखरच कमी मिळते, आणि त्यात दैवाचा हात नसतो.

यावर सोने शोधणाऱ्यांनी काढलेला एक उपाय मला फार आवडतो. शिशाचे दहा बारीक छर्रे ठोकून चपटे करायचे, वाळूत मिसळायचे आणि नेहमीसारखी परात धुवायची. शेवटी दहा उरले तर हात आणि डोळे ठीक. सात उरले तर तीन आपण घालवले, नशिबाने नव्हे. सकाळी एकदा आणि थकल्यावर एकदा असे मोजले, तर आपली स्वतःची चांगली वेळ कोणती तेही कळते.

नशिबाचा उरलेला वाटा

मग नशीब नाहीच का? आहे. एखाद्या वाळूत परातीमागे सरासरी तीन कण असतील आणि ते कसेही विखुरलेले असतील, तर संभाव्यतेच्या गणिताने वीसांतली एक परात पूर्ण रिकामी निघणार आणि सुमारे बारांतल्या एका परातीत सहा किंवा अधिक कण मिळणार. दोन्ही पराती एकाच हाताने, एकाच वेळी, सारख्याच लक्षाने धुतलेल्या असू शकतात. रिकाम्या परातीचे कारण शोधू गेल्यास सापडणार नाही, कारण ते नसतेच. माणसाला मात्र कारणाशिवाय राहवत नाही. मग तो तोंड कुणाचे पाहिले, कोण आडवे गेले, याची उजळणी करतो.

कॅलिफोर्नियातल्या कोलोमा येथे २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी जेम्स मार्शलला जे सापडले, त्यात हे सगळे वाटे एकत्र दिसतात. तो पाण्यावर चालणारी लाकूडगिरणी उभारत होता. दिवसा खणलेल्या चरातून रात्रभर पाणी सोडायचे, म्हणजे सुटी माती वाहून जाई. सकाळी पाणी बंद करून तो रोजच्यासारखा चर पाहायला निघे. रात्रभर त्या चराने न कळत भल्या मोठ्या परातीचे काम केले होते. सकाळ, स्वच्छ धुतलेला तळ आणि रोज तीच वाट तपासणारी नजर. कणांचे तिथे असणे हा नशिबाचा भाग, ते दिसणे हा सवयीचा. आणि सापडणे म्हणजे भाग्य हेही खरे नाही. जगभरची माणसे त्या सोन्यामागे धावली, पण मार्शल १८८५ साली गरिबीत वारला.

माझा हिशेब इथवर येतो. पाण्याची, उजेडाची आणि नजरेची वेळ वजा केल्यावर जे उरते ते नशीब. ते खरे असते, पण ते कुणाच्या पायाने येत नाही आणि कुणाच्या पायाने जात नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळे काकूला सांगितले. ती आता सत्तरीला टेकली आहे. पुर्किन्येचे नाव तिने दोनदा विचारून घेतले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, ‘‘म्हणजे माझा पाय नव्हता रे. कंदील मिणमिणता होता.’’

मी हो म्हणालो. लाह्या आम्ही सांडल्या होत्या, हे तेव्हा कुणी बोलले नव्हते. तेही त्या दिवशी कबूल केले.