लग्नानंतरही बापाचंच नाव!

युरोपातली बाई लग्न झालं की नवऱ्याचं आडनाव लावते, असं आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, सगळा युरोप काही एका साच्यातला नव्हता. इंग्लंडात ती रीत जुनी खरी. मात्र उत्तरेकडे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनच्या खेड्यांत सतराव्या-अठराव्या शतकात बहुतेक शेतकऱ्यांना आडनावच नसे!

मग माणूस ओळखायचा कसा? बापाच्या नावावरून. येन्सचा मुलगा पेडर, तो पेडर येन्सेन. त्याची बहीण मारेन, ती मारेन येन्सडॅटर, म्हणजे येन्सची मुलगी. पुढे पेडरची मुलं पेडरसेन आणि मुली पेडरसडॅटर. दर पिढीला नाव नवं. आणि मारेन सासरी गेली तरी अखेरपर्यंत येन्सडॅटरच! नवऱ्याचं एक, बायकोचं दुसरं, मुलांचं तिसरं, मुलींचं चौथं, अशी चार नावं एकाच छपराखाली सुखाने नांदत.

पाळण्यातलं नाव मात्र आईच्या हौसेवर नसे. पहिल्या मुलाला बहुधा बापाच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं; मुलींना आज्यांची नावं. मूल दगावलं तर पाठच्या भावंडाला तेच नाव देत. आणि याहून नवल म्हणजे, पहिली बायको वारली आणि गड्याने दुसरं लग्न केलं, तर नव्या बायकोच्या पहिल्या मुलीला त्या वारलेल्या बाईचं नाव ठेवण्याची रीत होती. आपल्याच लेकीला रोज सवतीच्या नावाने हाक मारायची! त्या माउलीला काय वाटत असेल? पण गेलेलीचं नाव घरातून पुसलं जात नसे, हेही खरं.

याचा परिणाम असा, की गावोगाव तीच ती नावं. स्वीडनच्या सैन्यात तर एका तुकडीत इतके अँडरसन, की शिपायांना वेगळी नावं द्यावी लागत: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर.

सरकारदरबारी हा घोळ चालेना. १८२८ साली डेन्मार्कमध्ये हुकूम निघाला, की बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचं कुळनावही नोंदवा. खेड्यातले लोक कुठले ऐकायला! १८५६ साली पुन्हा बजावावं लागलं. हळूहळू ‘येन्सेन’ तसंच गोठलं आणि मुलीसुद्धा येन्सेनच झाल्या, म्हणजे अर्थाने ‘येन्सचा मुलगा’! स्वीडनमध्ये १९०१ साली आणि नॉर्वेत १९२३ साली आडनावांचे कायदे आले. नॉर्वेच्या कायद्याने तर बायकोने नवऱ्याचं आडनाव लावायचं असंच ठरवून टाकलं.

आइसलंडने मात्र जुनी रीत सोडली नाही. तिथे आजही बहुतेक मुली लग्नानंतर बापाच्या, क्वचित आईच्या नावानेच ओळखल्या जातात.

म्हणजे बघा, ‘पूर्वापार चालत आलेलं’ असं जे आपण म्हणतो, ते कधी कधी शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी वहीतून आलेलं असतं. येन्सेन, पेडरसेन अशी नावं यापुढे वाचाल, तेव्हा त्यांच्या आड गेलेल्या ‘डॅटर’चीही आठवण ठेवा.