दोन पांढऱ्यांतला फरक

शेड कार्डावर दोन ऑफ-व्हाइट शेजारीशेजारी दाखवले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दोन्ही सारखेच तर आहेत!" पण तसं नसतं. पांढऱ्या बेसमध्ये चिमूटभर रंगद्रव्य मिसळून हे रंग बनतात. एकात पिवळं, दुसऱ्यात काळं. शेजारी कोरा कागद धरा, छटा लगेच उघडी पडते.

मोबाइलवर बघून मात्र ठरवू नका. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस हे सांगतोय! वेबच्या रंगयादीत 'आयव्हरी' म्हणजे २५५, २५५, २४० आणि 'फ्लोरल व्हाइट' म्हणजे २५५, २५०, २४०. फरक फक्त हिरव्यात, तोही पाचाचा. पण स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो. भिंत तो खोलीकडून उसना घेते.

वडोदऱ्याच्या आमच्या घरात बाबांची खोली रंगवायची होती. खिडकी उत्तरेला, म्हणून वर्षातला बराच काळ थेट ऊन नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड. त्यात बाबांच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पिवळट भिंग जाऊन स्वच्छ भिंग आलं की पांढरं निळसर दिसू लागतं. हळूहळू सवय होते, पण दुसरा डोळा जुनाच असला की तुलना सुटत नाही. ऑपरेशनचा डोळा झाकला की भिंत मलईसारखी, दुसरा झाकला की चुन्यासारखी. आई म्हणाली, "मग रंग कोणत्या डोळ्याने निवडणार?" माझं मत, ऑपरेशन झालेल्या. दिवाळीनंतर दुसराही तसाच होणार आहे.

दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले आणि पूर्ण वाळू दिले, कारण इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं. मग ते पुठ्ठे सकाळ-दुपार-रात्र भिंतीभिंतींवर फिरवले. सकाळी राखाडी छटेचा छान दिसला. रात्री ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली तोच थेट दवाखाना. पिवळसर छटेचा ३००० केल्विनच्या दिव्यात तुपासारखा झाला. बाबांना रात्री पेपर वाचायचा असतो, म्हणून पिवळसर रंग आणि ४००० केल्विनचा दिवा अशी जोडी जमवली. फिनिश मॅट घेतलं. डाग चटकन दिसतात, पण चकाकी डोळ्यात जात नाही.

सगळे डबे एकाच बॅचचे घ्या. शेडचा नंबर, बॅच आणि फिनिश लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी खिळ्याचं भोक बुजवताना 'तोच तो पांढरा' सांगून दुकानात काही मिळत नाही.