चाकांची दुनिया (भाग ९) : गाडी कापणारे लोक

शिंदखेडा-दोंडाईचा पट्ट्यात लग्नाची तारीख लागली की आधी मंगल कार्यालय बघतात आणि लगोलग बँड. इथला बँड पायी चालत नाही, तो गाडीवर बसून येतो. मूळचा मालवाहू टेम्पो. त्याच्या हौद्याच्या फळ्या काढायच्या, चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्डिंग करून बसवायचा, दोन्ही अंगांना स्पीकर रचायचे, मधे कीबोर्डवाला आणि गायक, मागे जनरेटर. कंपनीच्या कुठल्याच माहितीपत्रकात ही गाडी सापडणार नाही. गॅरेजवाला आणि बँडमालक दोघं उभ्याउभ्या ठरवतात ते तिचं डिझाइन.

अमेरिकेत अशाच उचापतींतून एक आख्खा धंदा उभा राहिला. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिन दिलं, ६५ अश्वशक्तीचं. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या कापायला घेतल्या. मडगार्ड काढले, बंपर काढले, छताचे खांब चार बोटं कापून छत खाली आणून पुन्हा जोडलं. वजन घटलं की तेच इंजिन गाडी जास्त जोराने पळवतं. छत खाली आलं की समोरून हवेचा अडथळा कमी. मग कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यती. या गाड्या म्हणजे हॉट रॉड. वेगाचं सोडून नुसत्या रूपासाठी गाडी बदलली, तर ती कस्टम. टीव्हीवरची १९६६ ची बॅटमोबिल जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यात तयार झाली, तीही लिंकनच्या एका जुन्या नमुना-गाडीवरून.

आता बँडगाडीकडे बघा. हॉट रॉडवाला गाडीतून काढतो, आपण तिच्यात भरतो. स्पीकर उंचावर रचले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती कलायला लागते. पाटे वाढवून वजन पेलता येतं, पण ब्रेक मूळचेच राहतात. वरातीत गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते म्हणून हे खपून जातं. खरी जोखीम आहे ती रात्री कार्यक्रम आटोपून नरडाण्याकडून महामार्गाने परतताना.

आणखी एक फरक मला जास्त मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियात एका पोराने घरी घडवलेला मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-इंधन पोहोचवणारी नळ्यांची जोडणी) दुसऱ्यालाही हवा झाला, म्हणून कुणीतरी तो साच्यात ओतून विकायला लागला. अशा पुरवठादारांची संघटना १९६३ मध्ये झाली : सेमा. तिचं पहिलं प्रदर्शन १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमच्या गॅलरीखाली भरलं. आज ते दर नोव्हेंबरात लास वेगासला भरतं आणि मुळात व्यापाऱ्यांसाठी असतं. तिथली चकाकती गाडी सहसा विकायला नसतेच. विकायचे असतात तिच्यावर बसवलेले स्प्रिंग, चाकं, ब्रेक. गाडी म्हणजे फक्त काउंटर! आपल्याकडे मात्र प्रत्येक जोड नव्याने, डोळ्यांच्या अंदाजाने होतो. चांगला कारागीर निवृत्त झाला की त्याचं मापही त्याच्याबरोबर घरी जातं.

भारतात मोठ्या प्रदर्शनात या कलेला मान मिळाला तो गाड्यांचे डिझाइनर दिलीप छाब्रियांमुळे. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत त्यांनी अवंती ही स्पोर्ट्स कार मांडली. इंजिन बसवलं होतं सीटच्या मागे. दुसऱ्या टोकाला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. त्यांनी भंगारातून छोटी जीप केली, खर्च सुमारे ६० हजार, आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. ही नियमांत बसत नाही हे त्यांनी लिहिलंच, पण बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारीत ती दिलीही.

नियम कोणता? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. वाट अगदीच बंद नाही. मंजूर सीएनजी किट बसवता येतं, अपंग चालकासाठी गाडीत परवानगीने फेरफार करता येतात. किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते. पण ती वाट किट बनवणाऱ्या कंपनीला परवडते. एकच सांगाडा जोडणाऱ्या गॅरेजवाल्याने तिकडे जायचं तरी कशाच्या बळावर? २०१९ च्याच दुरुस्तीने शिक्षाही ठरवली : मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला दंड गाडीमागे नाही, प्रत्येक बदलामागे आहे.

(पुढील भागात : ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तिचे नसलेले ब्रेक)