जुन्या रिव्हॉल्व्हरांचें मोल व त्यांचे कागद

युरोप व अमेरिकेंत जुनीं शस्त्रें संग्रहीं ठेवणारांचा वर्ग मोठा आहे. अलीकडे तेथील लिलावांत कित्येक रिव्हॉल्व्हरांस आलेले भाव ऐकून आपल्याकडील संग्राहक विस्मित होतात. हस्तलिखितांच्या शोधकांस या विषयाशीं काय कर्तव्य, अशी शंका येथें कोणी घेईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, या बाजारांत लोखंडाचें मोल थोडें व कागदाचें फार. आणि कागदाची पारख हा तर आपला नित्याचा व्यवसाय. एकाच जातीच्या दोन शस्त्रांची हकीकत पाहिली म्हणजे हें ध्यानांत येईल.

ही जात म्हणजे फ्रान्सांतील लफोशो पद्धतीचें रिव्हॉल्व्हर. याच्या काडतुसाच्या बुडाशीं एक बारीक खिळा बाजूस निघालेला असतो. घोडा त्यावर पडला म्हणजे खिळा आंत दबून बार उडतो. युजेन लफोशो यानें १८५४ सालीं या रिव्हॉल्व्हराचें पेटंट घेतलें व १८५८ सालीं फ्रेंच आरमारानें तें स्वीकारलें. बेल्जममधील लिएजच्या कारागिरांनीं पुढें याच्या अगणित नकला काढिल्या. त्यामुळें या जातीचें खिशांत मावणारें सात मिलिमीटरचें निनांवी शस्त्र आजही कांहीं शें युरोंत मिळतें.

आतां पहिलें शस्त्र. १० जुलै १८७३ रोजीं सकाळीं कवि पॉल व्हर्लेन यानें ब्रुसेल्स येथील माँतिन्यी यांच्या दुकानांत असेंच एक सहाबारी रिव्हॉल्व्हर २३ फ्रँकांस विकत घेतलें, व त्याच दिवशीं दुपारीं आपला मित्र कवि रँबो याजवर दोन बार काढिले. एक गोळी मनगटांत शिरली, दुसरी फुकट गेली. व्हर्लेनास दोन वर्षांची कैद झाली. नोव्हेंबर २०१६ मध्यें पॅरिस येथें क्रिस्टीज या पेढीनें हें शस्त्र लिलावास काढिलें, तेव्हां अंदाजी किंमत ५० ते ६० हजार युरो ठरविली होती. प्रत्यक्षांत ४,३४,५०० युरो आले. शस्त्रावर ना नक्षी, ना सोन्याचें काम. परंतु त्यावरील १४०९६ हा क्रमांक दुकानाच्या वहींतील नोंदीशीं जुळला, आणि खटल्यांतील जबान्याही उपलब्ध आहेत. दुकानदाराची वही व न्यायालयाचें दप्तर हीं परस्परांपासून स्वतंत्र अशीं दोन समकालीन साधनें एकमेकांस पुष्टि देतात. याहून अव्वल पुरावा तो कोणता?

दुसरें शस्त्र चित्रकार व्हान गॉग याचें म्हणून प्रसिद्ध आहे. २७ जुलै १८९० रोजीं ओव्हेर या गांवीं त्यानें स्वतःवर गोळी झाडली व तो २९ जुलैस वारला. पुढें १९६५ सालीं तेथील एका शेतांत गंजून गेलेलें लफोशो रिव्हॉल्व्हर एका शेतकऱ्यास सांपडलें. डॉक्टरानें वर्णिलेल्या गोळीशीं त्याचें माप जुळतें, आणि तें दीर्घकाळ जमिनींत होतें हेंही खरें. पण यांतील एकही गोष्ट शस्त्रास त्या हाताशीं बांधीत नाहीं. हा तर्क आहे, लेख नव्हे. जून २०१९ मध्यें पॅरिस येथें त्यास १,६२,५०० युरो आले. व्हान गॉगची कीर्ति व्हर्लेनाहून कितीतरी अधिक, तरी किंमत निम्म्याहूनही कमी! गंजामुळें भाव उतरला असें कोणी म्हणतील. कांहीं अंशीं तें खरें असेल. परंतु नांव असलेल्या शस्त्राचा गिऱ्हाईक घोडा व नळी पाहून बोली करीत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

निनांवी शस्त्रांच्या बाबतींत मात्र स्थितीच पाहतात. पोलादावरील मूळची निळी झांक जितकी शिल्लक, तितका भाव. हौसेनें घांसून चकचकीत केलेलें किंवा नवा रंग दिलेलें शस्त्र जाणता संग्राहक बाजूस सारतो. फिकट झालेल्या मोडी अक्षरांवर नवी शाई फिरविणाऱ्या महाभागांची येथें आठवण होते.

अमेरिकेंतील कोल्टच्या शस्त्रांचे भाव याहून चढे आहेत. १८४७ सालचीं ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरें सैन्याकरितां १,००० व खासगी विक्रीकरितां सुमारें १०० झालीं. त्यांपैकीं एकास २००८ सालीं ९,२०,००० डॉलर, तर मूळ पेटीसह राहिलेल्या दुसऱ्या एकास २०१८ सालीं १८,४०,००० डॉलर आले. हें दुर्मिळतेचें मोल झालें. परंतु शेरीफ पॅट गॅरेट यानें १८८१ सालीं बिली द किड या लुटारूस ज्यानें मारलें, तें १८७३ च्या नमुन्याचें कोल्ट मुळींच दुर्मिळ नव्हे. तसलीं लक्षावधि झालीं. तरी ऑगस्ट २०२१ मध्यें त्यास साठ लाख डॉलरांवर किंमत आली. गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें तें परत मिळविण्यासाठीं दावा लावून जिंकला होता. या भांडणानें निर्माण झालेले कागद आज त्या शस्त्राची वंशावळ ठरले आहेत.

कोल्ट कंपनी आपल्या जुन्या रवानगीच्या वह्या पाहून अमुक क्रमांकाचें शस्त्र केव्हां व कोणाकडे गेलें याचा दाखला फी घेऊन देते. यांत एक मेख आहे. दाखला क्रमांकाचा असतो, शस्त्राचा नव्हे. क्रमांक नव्यानें ठोकतां येतो. ‘आमच्या पणजोबांचें’ एवढेंच सांगणारें नातवाचें प्रतिज्ञापत्र तर उत्तरकालीन बखरीच्याच तोलाचें समजावें.

आपल्या इकडे १८७८ च्या शस्त्रकायद्यापासून परवान्यांची पद्धति रूढ झाली. जुन्या घराण्यांच्या रुमालांत असे परवाने निघतात व निरुपयोगी म्हणून रद्दींत जातात. शस्त्र असलें तर तें वेगळें विकलें जातें. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमांत दुरुस्तीनंतरही चालूं शकणार नाहीं अशा जुन्या शस्त्रास सूट आहे, चालूं शकणाऱ्यास परवाना लागतोच. असा परवाना हातीं आल्यास त्यावरील नांव, तारीख व शस्त्राचें वर्णन तत्काळ उतरून घ्यावें, शस्त्र जवळ असेल तर क्रमांक ताडून पाहावा, आणि दोन्ही एकाच ठिकाणीं ठेवावीं, ही वाचकांस विनंति आहे.