एक स्प्रिंग तुटली तर आठ कशाला?



वार्षिक अहवालात दुरुस्ती खर्चाखाली एक ओळ होती : साखर चाळणीच्या आठ स्प्रिंगा बदलणे व मशीनचा तोल काढणे. सभेत त्यावर कोणी बोलले नाही. पण पुढे ऊस नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरू लागलो तेव्हा बांधाबांधावर तोच विषय निघाला. एका वयस्क सभासदांनी तर बंडी आडवी लावून आम्हाला थांबवले. "सायेब, इस्पिरिंग त एकच तुटली होती ना? मंग आठही कायले बदलल्या? पैसे का झाडाले लागते?"

प्रश्न रास्त होता आणि आम्हाला उत्तर येत नव्हते. आम्ही शेतकी पदविकावाले. बेणे, लागण, खोडवा यांचे विचारा. "काकाजी, चार दिवस द्या, विचारून सांगतो," असे म्हणून सुटका करून घेतली आणि साखर घरात फिटर मंडळींच्या मागे हिंडलो. समजले ते सर्वांच्याच माहितीकरिता देत आहोत.

सेंट्रिफ्युगलमधून साखर निघते ती गरम आणि ओलसर असते. ती प्रथम हॉपरवर पडते. हॉपर म्हणजे लांब पत्र्याची पन्हाळीच. ती नाकतोड्यासारखी सारखी उडते, म्हणून इंग्रजीत तिचे नावच नाकतोडा. साखर उड्या घेत पुढे सरकते, वाटेत वाऱ्याने सुकते आणि चाळणीवर येते. चाळणीत एकाखाली एक जाळ्या. मोठा दाणा एल, मधला एम, बारीक एस. ढेकळे आणि भुकटी वेगळी निघते, ती पुन्हा विरघळवावी लागते. म्हणजे एकदा केलेल्या साखरेला दुसऱ्यांदा वाफ.

चाळणी कमी हलली तर दाणे जाळीच्या भोकांत अडकून बसतात आणि बारीक दाणा मोठ्यात मिसळून जातो. फार हलली तर दाण्याचे कोपरे झडून भुकटी वाढते. घरी बायका सूप पाखडतात त्यात जो हात असतो, तोच येथे लोखंडाकडून करवून घ्यायचा आहे.

आमच्या चाळणीला दोन मोटारी आहेत. प्रत्येकीच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना अर्धचंद्रासारखी वजने मुद्दाम एका अंगाला बसवलेली असतात. मोटार मिनिटाला ९६० फेरे घेते. १ किलोचे वजन दांड्याच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर या वेगाने फिरले तर बाहेरची ओढ सुमारे १०० किलोची होते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. दोन्ही मोटारी एकमेकींच्या उलट फिरतात, त्यामुळे आडवी ओढ आपसांत कटते आणि एका सरळ रेषेतली उरते, तीच साखरेला पुढे फेकते. गंमत अशी की या दोघींना जोडणारा पट्टा नाही की चेन नाही, तरी त्या आपोआप ताल धरतात. हॉलंडच्या हायगेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने १६६५ साली एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबकाच्या घड्याळांत हाच प्रकार पाहिला होता. पण एका मोटारीचे वजन दुसरीपेक्षा वेगळे बसले की फेक तिरपी होते आणि साखर जाळीच्या एकाच कडेला गोळा होते. तोल काढणे म्हणजे चारही टोकांची वजने सारखी करणे.

आता स्प्रिंगा. झोक्याला जसा आपला ठरलेला झोका असतो तसा स्प्रिंगेवर ठेवलेल्या प्रत्येक वजनालाही असतो. चाळणीच्या भाराने स्प्रिंग १ सेंटीमीटर दबली तर तो मिनिटाला ३००. ४ सेंटीमीटर दबली तर १५०. मोटारीचे फेरे त्याच्या तिप्पट असले की खालच्या गर्डरला धक्क्याचा जेमतेम आठवा हिस्सा पोचतो. पण दिवसाला धक्के १३ लाख ८० हजारांवर! १०० दिवसांच्या गळितात तेरा कोटींच्या पुढे. आठही स्प्रिंगांनी तेवढेच सोसलेले असतात. एक आज तुटली तर दुसरी उद्याच्या वाटेवरच असते. शिवाय नवी ताठ आणि जुन्या दबलेल्या, म्हणजे एका जुवाला गोऱ्हा आणि म्हातारा बैल. चाळणी एका कोपऱ्याला उचलते, अंग मुरडते आणि वेल्डिंगला चीर जाते.

मशीन बंद करताना ती क्षणभर फार नाचते, हे साखर घरात गेलेल्यांनी पाहिले असेल. वेग उतरताना ९६० वरून त्या ३०० च्या टप्प्यातून जावेच लागते. तेवढ्यापुरता धक्का गिळायला रबर किंवा घर्षणाचे दाबक लावतात. पण दाबक बेताचाच हवा. एका हंगामात, एप्रिलमध्ये, रात्रपाळीला कोणीतरी नाच थांबावा म्हणून स्प्रिंगांशेजारी लाकडी गुटके ठोकले. चाळणी शहाण्यासारखी वाटली. आम्हीही शाबासकी दिली, हे कबूल करतो. पण सगळी थरथर गुटक्यांतून गर्डरात उतरली, सकाळपर्यंत बोल्ट ढिले झाले आणि चाळणी बंद. पोती भरणे थांबले, हॉपर थांबला, सेंट्रिफ्युगल थांबल्या, पॅन तुंबले, शेवटी गव्हाण थांबली. आवारात बंड्या आणि ट्रॉल्या उभ्या, पारा चाळिशीच्या वर. तोडलेला ऊस अशा उन्हात दर तासाला वजन आणि साखर दोन्ही गमावतो. काट्याअलीकडे वाळतो तो तुमच्या खिशातून; पलीकडे वाळतो तो कारखान्याच्या, म्हणजे फिरून तुमच्याच. त्या दिवशी बोलणी आम्ही खाल्ली, कारण तोडीच्या चिठ्ठ्या आमच्या सहीच्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्यांना घराच्या भिंतींवरून हे सांगायला नको. खांब किंचित खचला तरी वरच्या मजल्यावरची चाळणी कलते. म्हणून यंदापासून हंगामापूर्वी पाणसळ लावून पाहण्याचे इंजिनिअर साहेबांनी ठरवले आहे.

हे सगळे आम्ही काकाजींना जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या थ्रेशरचे हातोडे बी जोडीनंच बदला लागन." अगदी बरोबर. समोरासमोरचे दोन्ही बदलावेत, आणि बसवण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावेत.

कोणाला चाळणी पाहायची असेल तर मोळी टाकण्यापूर्वी शेतकी ऑफिसात यावे. एकदा चालू झाली की कठड्याच्या आत सोडत नाहीत, आम्हालाही नाही.