स्वतःची पारख का चुकते?

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत बोलायचे तर विषयही शाळेच्या अंगणातला असावा, असे मला वाटले. माणसाचा स्वतःच्या कुवतीविषयीचा अंदाज का चुकतो, हा तो विषय. आपल्याकडे याचे उत्तर बहुधा नीतीच्या भाषेत दिले जाते. स्वतःला फार समजणारा गर्विष्ठ, कमी समजणारा विनयशील. एकाला बोल लावावा, दुसऱ्याची वाखाणणी करावी, की प्रश्न मिटला. मला हे उत्तर अपुरे वाटते. प्रश्न स्वभावाचा कमी आणि मापाचा अधिक आहे.

व्याकरणाचेच उदाहरण घेऊ. शुद्ध वाक्य लिहिता येणे आणि वाक्य शुद्ध आहे की नाही हे ओळखता येणे, या गोष्टी वरवर दोन दिसतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी ज्ञान एकच असते. ज्याला नियम ठाऊक नाही, त्याला चूक दिसावी कशी? १९९९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासले. विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्या, आणि इतरांच्या तुलनेत आपण कोठे बसतो, तेही विचारले. शंभर जणांची रांग कल्पिली, तर तळाच्या चौथाई गटाची सरासरी जागा खालून बारावी होती. त्यांनी स्वतःला बसवले होते बासष्टाव्या जागी!

या प्रयोगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. व्याकरणाच्या चाचणीतील सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटाला काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून इतर पाच जणांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. वरच्या गटाने त्या पाहून स्वतःविषयीचा अंदाज वाढवला. आपल्याला येते तेवढे इतरांनाही येत असेल, हा त्यांचा समज गळून पडला. खालच्या गटाचा अंदाज मात्र जागचा हलला नाही. अर्थात चुकले दोघेही. एकाची चूक स्वतःविषयीची, दुसऱ्याची इतरांविषयीची.

यावर पुढे आक्षेप आले. तळाशी असलेल्याला चुकायला वरचीच दिशा मोकळी असते आणि शिखरावरच्याला खालची, तेव्हा फरकाचा बराच भाग निव्वळ आकड्यांचा खेळ होय, असे टीकाकारांचे म्हणणे. आक्षेप रास्त आहे. परंतु उत्तरपत्रिकांची गोष्ट त्याने पुरती निकालात निघते, असे मला वाटत नाही. विद्या वाढली की दोष जातो, असेही नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास राखला, तो उगाच नव्हे. (आम्हा प्राध्यापकांनी तो वर्षातून एकदा तरी वाचावा.)

सुरतेत याचे प्रात्यक्षिक रोज घडते. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसलेला कारीगर पैलू घासतो आणि भिंगातून पाहतो. पैलू बिघडला असेल तर हिराच त्याला तत्काळ सांगतो. मागावरच्या विणकराचेही तसेच. तुटलेला धागा कापडात दिसतो. बोलणे, शिकवणे, सल्ला देणे, माणसे सांभाळणे या कामांत असा रोकडा जबाब मिळत नाही, आणि म्हणूनच तेथे आत्मविश्वास स्वस्त असतो.

परंतु श्रोतेहो, आपल्या समाजाचे अधिक नुकसान उलट्या चुकीने केले आहे. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली असोद्याचा. जळगावात संसार, तरुणपणी वैधव्य, शेताची आणि घरची कामे, अक्षरओळख नाही. काम करता करता गाणी सुचत आणि म्हटली जात. त्यांतली उतरून घेतली गेली तेवढी राहिली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः कवी. कवितेची पारख घरात होती, तरी पुस्तक बाईंच्या हयातीत झाले नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. वाङ्मय मोजण्याची जी फूटपट्टी सर्वांच्या हाती होती, तिच्यावर जात्यावरच्या ओळीची खूणच नव्हती. त्यांच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणण्याचा प्रघात आहे. ती लेवा गणबोली होय. दोघी शेजारणी आहेत, एक नव्हेत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

ती फूटपट्टी आजही आपल्या हातात आहे. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या बाजूंची कुटुंबे येथे आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली भागांत स्थिरावली. त्यांतल्या कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती आणि सिनेमात हिंदी. कोणत्या भाषा येतात असे विचारले, तर असे मूल मान खाली घालून म्हणते, ‘मराठी येते, पण शुद्ध नाही.’ पुण्याच्या मापाने त्याची मराठी उणी, अमदावादच्या मापाने गुजराती उणी. आणि चार भाषा एकत्र मोजणारे माप कोणाजवळच नाही. प्रमाणभाषा शिकवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तिच्यावाचून परीक्षेची आणि ग्रंथांची दारे उघडत नाहीत. पण ‘हेही शीक’ आणि ‘तुझे अशुद्ध आहे’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत.

गावाहून आलेल्या आजीला दवाखान्यात नेणारी सातवीतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. आजी अहिराणीत दुखणे सांगते. मुलगी ते डॉक्टरांना गुजरातीत सांगते, चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचते, आणि कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, ते आजीच्या बोलीत समजावते. कळ आणि ठणका यांतला फरक वाटेत सांडू न देता ती पलीकडे नेते. अनुभवी अनुवादकालाही हे जड जाते. तिचे कौतुक करा, ती म्हणेल, ‘यात काय, हे सगळ्यांनाच येतं.’ कॉर्नेलच्या वरच्या गटाची चूक हीच होती. त्या विद्यार्थ्यांना निदान इतरांच्या पाच उत्तरपत्रिका दाखवल्या गेल्या. या मुलीची परीक्षा घेणारी प्रश्नपत्रिकाच आम्ही अजून काढलेली नाही. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना अहिराणी येते. त्यांनी शिक्षकांच्या मदतीने ती काढावी: आजीच्या तोंडचा एक अहिराणी उतारा, तो मराठीत आणि गुजरातीत सांगायचा, तोही तोंडी, आणि त्याचे गुण प्रगतिपुस्तकात वेगळ्या रकान्यात लिहायचे.